मनाच्या आजारात सोबतीला प्राणी आणताना

नैराश्य, पॅनिक अटॅक, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसासाठी घरात कुत्रं-मांजर आणावं का, हे विचारायला लोक आता सर्रास येतात. मी सांगलीत छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवते. शिक्षण शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झालं. मनाचे आजार हा माझा विषय नाही, पण त्या आजाराच्या घरात गेलेली जनावरं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर येतात. काही घरांत माणूस आणि जनावर दोघंही खुलतात. काही घरांत सहा महिन्यांत पिल्लू परत द्यायची वेळ येते. त्या पिल्लाचे हाल होतातच, शिवाय ‘मला साधं एक कुत्रंही सांभाळता आलं नाही’ हे आजारी माणसाच्या जिव्हारी लागतं. हे टाळता येतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्राणी निवडताना त्या माणसाचा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यासमोर आणा. अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ नाही, फोन बंद, जेवणाचं ताट तसंच, असा दिवस. त्या दिवशी जनावराला पाणी कोण पाजणार, बाहेर कोण नेणार, घाण कोण काढणार? याचं उत्तर घरातल्या एखाद्या माणसाच्या नावानिशी मिळालं, तरच पुढं जा. बाकीचं सगळं यानंतर.

जनावर काय देतं

अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की मोठ्यांशी अवाक्षर न बोलणारं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे मांडलं आणि या विषयाच्या अभ्यासाला चालना मिळाली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतला २४९ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष गोंजारलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं. पण हा त्या घटकेचा परिणाम आहे. त्यावरून ‘कुत्र्यानं नैराश्य बरं होतं’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

मला दवाखान्यात दिसतं ते वेगळं आहे. जनावरामुळं दिवसाच्या वेळा ठरतात. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. त्यांना आपण दादा म्हणू. बायको गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं होतं. औषधं चालू होती, पण घराबाहेर पाऊल पडत नव्हतं. लेकीनं राणी नावाची चार वर्षांची गावठी कुत्री आणून दिली. राणीला पहाटे बाहेर जायचं असे, आणि दादांचा जन्म पहाटेच्या गाड्यांवर गेलेला. ते उठायला लागले. मग चहाच्या टपरीवर थांबायला लागले, कारण राणी तिथं थांबायची. तिथं लोक कुत्रीबद्दल विचारायचे आणि दादा सांगायचे. ‘तुम्ही कसे आहात’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, ‘ही काय खाते’ याला होतं. गोळ्या आजही चालू आहेत आणि तपासणीला ते वेळेवर जातात.

म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, समुपदेशन सोडायचं नाही. जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी करत असेल तर प्राण्याचा विचार बाजूला ठेवा, आधी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. रात्री-अपरात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारायचं

‘कुत्रं आणू का?’ एवढंच विचारलंत तर ‘आणा की’ एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी किती वाजेपर्यंत राहते? काही औषधांनी माणूस नऊ-दहापर्यंत उठूच शकत नाही, मग सहाचा फेरा दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागतो. हात थरथरतात का, तोल जातो का? मग ओढाळ जनावर नको. ओसीडीमध्ये, म्हणजे तेच विचार सारखे मनात येण्याच्या आजारात, जंतूंची, घाणीची भीती असेल तर केस आणि लाळ यांनी त्रास वाढेल का? स्किझोफ्रेनियात प्राण्याबद्दलच संशय किंवा भास होण्याची शक्यता आहे का? बायपोलर असेल तर सध्या कुठला टप्पा चालू आहे? मॅनियाच्या, म्हणजे अति उत्साहाच्या टप्प्याच्या, भरात कर्ज काढून महागडी पिल्लं आणलेली मी पाहिली आहेत. त्या दिवसांत घेतलेला निर्णय कितीही उत्साहाचा वाटला तरी मूड स्थिर होईपर्यंत थांबवा.

घरात दमा किंवा ॲलर्जी कुणाला आहे, हेही याच वेळी बघून घ्या. आणि ज्याच्यासाठी आणायचं त्याला विचारा. ‘सरप्राइज’ म्हणून टोपलीतून पिल्लू आणू नका.

कुठला प्राणी

उठणं, चालणं, चार माणसांत जाणं हे हवं असेल आणि घरात दुसरा सांभाळणारा असेल तर कुत्रं. घर लहान, फिरवायला कुणी नाही, पण मांडीवर ऊब हवी असेल तर मांजर. मांजर आपल्या मर्जीनं येतं. ज्यांना कुणी सतत चिकटलेलं सहन होत नाही त्यांना हे मानवतं, ज्यांना प्रत्येक गोष्टीत आपण नाकारलो गेलो असं वाटतं त्यांना कधीकधी टोचतं. रोजचं फारसं काही झेपत नसेल तर छोट्या टाकीतले गप्पी मासे घ्या. दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य आणि आठवड्याला थोडं पाणी बदलणं, एवढंच काम.

गावाकडे वेगळं काही आणायची गरजच नसते. तासगावकडच्या एका घरात थोरल्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्याकडे दोन शेळ्या सोपवल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ पाला आणायचा, धार काढायची. घरातलं दूध त्याच्या हातचं, त्यामुळं घरात त्याच्या शब्दाला वजन आलं. जर्सी गाय किंवा बैल मात्र अशा माणसावर एकट्यावर टाकू नका. ताकदीचं जनावर बिथरलं तर आवरत नाही.

पोपट नको. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासवही. बाजारात मिळतात म्हणून ते कायदेशीर होत नाहीत. ससा बघायला गोड, पण भित्रा असतो. उचलून कवटाळलं की पाय झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचा मणका मोडलेला मी पाहिला आहे.

पिल्लू नको, मोठं कुत्रं घ्या

लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लूच हवं, असा बहुतेकांचा हट्ट असतो. पहिले चार-सहा महिने पिल्लू रात्री रडतं, घरभर मुततं, चपला-वायरी चावतं. झोप मोडली की बायपोलर माणसाचा मूड बिघडू शकतो, हे तुमचे डॉक्टरही सांगतील. म्हणून मी दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं, नसबंदी झालेलं देशी कुत्रं सुचवते. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्यांची नसबंदी झालेली असते त्यांच्या कानाला छोटी खाच असते, त्यावरून ओळखता येतं. देशी कुत्र्याला आपलं ऊन मानवतं. बर्फाळ प्रदेशातलं हस्की मात्र सांगली-सोलापूरच्या मे महिन्यात आणू नये, ते जनावराचे हाल आहेत.

बघायला जाताना आजारी माणसाला बरोबर न्या, पण गर्दी करू नका. जमिनीवर थोडं तिरकं बसा, कुत्र्याच्या डोक्यावरून हात नेऊ नका आणि त्यालाच येऊ द्या. जवळ येऊन वास घेऊन तिथंच रेंगाळलं तर उत्तम. मग लांबून एक स्टीलची ताटली जमिनीवर पडू द्या. दचकणं साहजिक आहे. बघायचं ते पुढचं: काही क्षणांत सावरून ‘काय पडलं’ म्हणून बघायला येतं का, की कोपऱ्यात जाऊन थरथरत राहतं. तुमच्या घरात रडणं, ओरडणं, दार आपटणं होऊ शकतं. लवकर सावरणारं जनावरच तिथं सुखानं राहील. हातातून खाऊ घेताना ओरबाडतं का आणि पंजाला हात लावू देतं का, तेही पाहून घ्या.

पसंत पडलं तरी लगेच दत्तक घेऊ नका. दोन-तीन आठवडे तात्पुरतं सांभाळायला मागा. बऱ्याच निवारा केंद्रांत तशी सोय असते. ‘जमलं नाही तर परत जाईल, त्यात कुणाचा दोष नाही’ हे आजारी माणसाला आधीच स्पष्ट सांगा. या दिवसांत रोजची कामं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि प्रत्येक कामासमोर दोन नावं ठेवा: पहिलं त्याचं, दुसरं घरातल्या कुणाचं. तो उठला नाही तर दुसऱ्यानं न बोलता काम करून टाकायचं. ‘तुझ्यासाठी आणलं आणि तूच बघत नाहीस’ हे वाक्य कुणीही, कधीही उच्चारायचं नाही. शुभंकरांनी, म्हणजे सांभाळणाऱ्या मंडळींनी, हे एवढं पाळलं तरी अर्धी लढाई जिंकली.

खर्चाचाही हिशोब करा. मध्यम आकाराच्या देशी कुत्र्याला घरचं जेवण धरून महिन्याला दोन-तीन हजार ढोबळमानानं लागतात, आजारपण वेगळं.

दवाखान्यातलं आणि गोळ्यांचं

पहिल्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. जंताचं औषध, रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपरची लस, दरवर्षीचे डोस. आपल्याकडे गोचीड ताप फार आहे. कुत्रं अचानक मलूल झालं, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गोचिडासाठीचं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. त्यात बरेचदा परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे.

चावा किंवा ओरखडा झाला, अगदी घरच्या लस घेतलेल्या जनावराचा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जीव जवळपास कधीच वाचत नाही.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. मनाच्या आजाराच्या घरात गोळ्या भरपूर असतात आणि त्या उशाशी, टीपॉयवर, पर्समध्ये पडलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच कुत्र्या-मांजराला विषारी आहेत. व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलचा वास मांजरांना आवडतो, ती स्वतःहून खातात. गोळी पोटात गेली की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग थरथरतं, जनावर बेचैन होऊन फिरत राहतं. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठही जिवावर बेततं. गोळीचं पाकीट घेऊन थेट पशुवैद्यकाकडे या. लपवू नका. कुठली गोळी आणि किती, हे कळलं तरच आम्हाला काही करता येतं. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेते.

गोळ्यांचा डबा दार लागणाऱ्या वरच्या कपाटात ठेवा, पण वेळ मात्र जोडून घ्या. माझ्याकडच्या एका बाईंनी रात्री आठचा नियम केला आहे: आधी त्यांची गोळी, मग कुत्र्याची वाटी. आठ वाजले की कुत्रं स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतं, आणि गोळी चुकायचं प्रमाण पुष्कळ कमी झालं.

आमच्या भागात आणखी एक सांगावं लागतं. घरोघरी बेदाण्याचे डबे असतात आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्या. द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको. नुसत्या दूध-पोळीवरही ठेवू नका. भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडं दही असं द्या. एप्रिल-मेमध्ये फिरायला नेताना डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्याही पायाला बसतोय.

‘टेक’ शिकवणं

सोबतीच्या प्राण्याला खास प्रशिक्षण लागत नाही, त्याचं असणं पुरेसं असतं. तरी घाबरं होण्याचा त्रास असेल तर एक गोष्ट जरूर शिकवा: मांडीवर हनुवटी टेकवून थांबणं.

ऋतुजा (नाव बदललं आहे) इंजिनिअरिंगला आहे. परीक्षेच्या आधी तिला पॅनिक अटॅक यायचे. तिच्या बंड्याला आम्ही हे असं शिकवलं. खुर्चीवर बसायचं, मांडीवर तळहात उताणा ठेवायचा, त्यात चिकनचा बारीक तुकडा. तो खायला आला आणि हनुवटी तळहाताला लागली की ‘टेक’ म्हणायचं आणि दुसरा तुकडा द्यायचा. थोड्या दिवसांनी तळहात रिकामा ठेवायचा, हनुवटी टेकवल्यावरच तुकडा. मग थांबायचा काळ हळूहळू वाढवायचा: दोन सेकंद, पाच, पंधरा. एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त सराव नको, कंटाळायच्या आत सोडायचं. आणि सगळा सराव ती शांत असताना. अटॅकच्या वेळी पहिल्यांदा शिकवायला गेलात तर कुत्र्याच्या डोक्यात ‘टेक’ आणि भीती यांची सांगड बसते.

आता छातीत धडधडायला लागलं की ती भिंतीला पाठ लावून खाली बसते, ‘टेक’ म्हणते, आणि बंड्याचं डोकं मांडीवर येतं. ती त्याच्या कानामागं एक हात ठेवते आणि त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास सोडत मोजते. अटॅक येतो तसा ओसरतोही, पण त्या वेळात ती एकटी नसते.

त्याचंही मन सांभाळा

कुत्र्याला ताण आला की तो सांगतो, पण आपण ‘किती गोड जांभई देतंय’ म्हणतो. झोप नसताना जांभया, सारखी जीभ नाकावर फिरवणं, कान मागं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, ही सगळी ‘आता पुरे’ची खूण आहे. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. घरात त्याची एक जागा ठरवा, कॉटखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात. तो तिथं गेला की कुणीही ओढून बाहेर काढायचं नाही, आजारी माणसानंसुद्धा नाही, कितीही रडू येत असलं तरी. आणि पहिल्या आठवड्यापासून दोघांना रोज थोडा वेळ वेगळं ठेवा. चोवीस तास चिकटून राहिलेलं कुत्रं माणूस रुग्णालयात दाखल झाला की खाणंपिणं सोडतं. अशी वेळ येऊ शकते, हे धरून चला. दाखल व्हावं लागलं तर कुत्रं कुणाकडे जाईल, त्या घरी महिन्यातून एखादी रात्र आत्तापासूनच ठेवत जा.

सोसायटी, कागदपत्रं, प्रवास

नेटवर ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’चं, म्हणजे मनाला आधार देणाऱ्या प्राण्याचं, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र विकत मिळतं. घेऊ नका. भारतात या नावाचा कायदेशीर दर्जाच नाही. तुमची मुलं अमेरिकेत असतील तर तिथला नियम वेगळा आहे. तिथं उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र भाड्याच्या घरासाठी चालतं. विमानात मात्र जानेवारी २०२१ पासून तिथल्या कंपन्यांवर अशा प्राण्याला सोबत घेण्याचं बंधन राहिलेलं नाही.

आपल्याकडे प्रमाणपत्राशिवायही तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रत काढून जवळ ठेवा, पण भांडायला म्हणून जाऊ नका. लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना सेक्रेटरींना आपणहून दाखवा, पट्ट्याशिवाय खाली उतरू नका, घाण स्वतः उचला. शेजाऱ्यांना आजाराचं नाव सांगायची काहीही गरज नाही.

रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट क्लास एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थचा कप्पा) किंवा केबिन आपल्या नावावर लागते, आणि पार्सल ऑफिसात नोंद करून पैसे भरावे लागतात. नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. घाबरट कुत्र्याला तिथं पाठवू नका, त्यापेक्षा घरीच कुणाकडे तरी ठेवा.

वय झाल्यावर

देशी कुत्रं साधारण १२-१४ वर्षं जगतं, माणसाचा आजार त्याहून लांब चालू शकतो. कुत्रं नऊ-दहा वर्षांचं झालं की वर्षातून दोनदा रक्त तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या कानावर घाला, म्हणजे त्या काळात भेटी जवळजवळ ठेवता येतात. इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायची वेळ आली तर तो निर्णय आजारी माणसावर एकट्यावर टाकू नका, आणि त्याला न सांगता परस्परही उरकू नका. आम्हा डॉक्टरांना समोर बसवून सगळं विचारा. कुत्रं गेल्यानंतर वाटी, पट्टा, अंथरूण लगेच उचलून टाकू नका. नव्या जनावराचा विषय आजारी माणसानं स्वतः काढेपर्यंत घरच्यांनी काढू नये.